माल्टाच्या बसमध्ये तिकीट फक्त पाहुण्याला

माल्टाच्या विमानतळाबाहेरून एक्स-१ क्रमांकाची बस सुटते आणि बेटाच्या वायव्य टोकाला, चिर्केव्वाच्या धक्क्यापर्यंत जाते. चाकांची बॅग ओढत आलेला प्रवासी ड्रायव्हरजवळच्या यंत्राला बँकेचं कार्ड टेकवतो. उन्हाळा असेल तर अडीच युरो कापले जातात, म्हणजे आपले सुमारे अडीचशे रुपये. त्याच्या मागून भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी चढतात, आपलं कार्ड त्याच यंत्राला टेकवतात आणि त्यांच्याकडून एक सेंटही घेतला जात नाही. मग दोघंही एकाच बाकावर बसतात. जागा मिळाली तर.

१ ऑक्टोबर २०२२ पासून माल्टात हा नियम आहे. ज्याच्याकडे स्वतःच्या नावाचं, फोटो असलेलं ‘तल्लिन्या’ कार्ड आहे त्याला बस फुकट. बाकीच्यांनी पैसे मोजायचे. भाडं मोसमाप्रमाणे बदलतं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अडीच युरो आणि एरवी दोन. रात्रीच्या बसला तीन. ते ऋतूनुसार वर-खाली होतं, यावरूनच ते कुणाला डोळ्यांपुढे ठेवून ठरवलंय ते कळतं.

देश एवढासा. सगळी बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर. आपल्या मुंबई महापालिकेची हद्द याहून मोठी आहे. लोकवस्ती साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या कोल्हापूर शहराएवढी. आणि या मूठभर देशात २०२४ साली ३५ लाखांहून अधिक पर्यटक उतरले. तिथे रेल्वे नाही, मेट्रो नाही. रस्त्यांवर चार लाखांपेक्षा जास्त वाहनं नोंदलेली. त्यामुळे व्हॅलेटाच्या वेशीबाहेर, ट्रायटन कारंज्याजवळच्या बस टर्मिनसवर, देशाचं रोजचं आयुष्य आणि युरोपभरातून आलेली सुट्टी यांची रेटारेटी चालू असते.

पाहुण्याकडून भाडं घ्यायचं आणि घरच्याला सोडायचं, हा भेदभाव आहे यात शंका नाही. तो समर्थनीय आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे. मात्र माल्टाने पाहुणा कोण याची रेघ जिथे ओढली आहे, तिथे गडबड आहे, आणि तिचा चटका पर्यटकाला कमी, पोटासाठी तिथे गेलेल्या माणसाला जास्त बसतो.

आधी आपल्या तक्रारीचा निकाल लावू. भारतीय प्रवासी परदेशात गेला की प्रत्येक किमतीला मनातल्या मनात रुपयात गुणतो, आणि शेजारचा फुकट जातोय हे कळलं की त्याला ते जास्तच झोंबतं. पण हाच माणूस वेरूळ, अजिंठ्याच्या किंवा घारापुरीच्या खिडकीवर ४० रुपये देऊन आत जातो, तेव्हा त्याच्या मागे उभा असलेला जर्मन किंवा जपानी पाहुणा ६०० रुपये काढत असतो. पंधरापट. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना आपण घरचा भाव लावतो, बाकी जगाला पाहुण्याचा. घारापुरी हेही एक बेटच, आणि तिथे उतरणाऱ्या पर्यटकाकडून ग्रामपंचायत वेगळा कर घेते तोही आपण कुरकुर न करता देतो. लेणी ज्यांच्या करातून राखली जातात त्यांना सवलत, हे तत्त्व आपल्याला मान्य आहे. मग माल्टाच्या बसला ते लागू व्हायला आपली हरकत असण्याचं कारण नाही.

बस आणि लेणी यांत एक फरक मात्र आहे. लेणं माणूस हौसेने पाहतो. बसने त्याला जावंच लागतं. म्हणून बसच्या भाड्यात पाहुण्याला पंधरापट लावणं अघोरी ठरलं असतं. माल्टाने तसं केलेलं नाही. दिवसाचं तिकीट दोन तास चालतं, त्यात बस बदलली तरी पुन्हा पैसे पडत नाहीत. स्लिमाहून निघून व्हॅलेटात बस बदलून राबातला, म्हणजे जुन्या इम्दिना गावाच्या दारात, एकाच तिकिटावर पोहोचता येतं. युरोपात अडीच युरोत कॉफी आणि पाव येतात की नाही याची शंका. त्या हिशेबाने हे भाडं जाचक नाही. व्हेनिसशी ताडून पाहावं. तिथल्या जलबसचं ७५ मिनिटांचं तिकीट पाहुण्याला साडेनऊ युरोंना पडतं आणि तिथलं कार्ड असलेला रहिवासी दीड युरोत जातो. शिवाय एप्रिल २०२४ पासून काही ठरावीक दिवशी नुसतं शहरात दिवसभरासाठी पाऊल टाकायलाही व्हेनिसने पैसे घ्यायला सुरुवात केली. त्यापुढे माल्टा भलताच मवाळ.

हा मवाळपणा मुळातला नाही, तो ठेच लागून आलेला आहे. माल्टाच्या बसचा इतिहास १९०५ सालापासूनचा. पुढे अनेक दशकं बहुतेक गाड्या चालकांच्या स्वतःच्या मालकीच्या असत. कुणी आपल्या गाडीला चांदीसारखी चमकणारी जाळी लावी, कुणी समोर देवाधर्माची तसबीर. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना ही हौस सांगायला नको. त्या पिवळ्या गाड्या पर्यटकांच्या कॅमेऱ्यात भरपूर गेल्या, पण माल्टाच्या लोकांना त्यांच्या धुराचा आणि खडखडाटाचा कंटाळा आला होता. ३ जुलै २०११ रोजी त्या एका झटक्यात बंद झाल्या आणि अरायव्हा ही कंपनी आली. तिने लंडनहून लांबलचक, मधोमध सांधा असलेल्या बस आणल्या. अरुंद गल्ल्या आणि काटकोनी वळणांच्या या बेटावर त्या कशा वळणार हा प्रश्न होताच. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांतल्या काही पेटल्या आणि सगळ्या बाद झाल्या. वर्षअखेरीस कंपनीनेच गाशा गुंडाळला. वर्षभर सरकारने गाडा ओढला आणि जानेवारी २०१५ मध्ये एका स्पॅनिश कंपनीकडे तो सोपवला.

अरायव्हाच्या काळात रहिवाशाला एक भाडं आणि परक्याला त्याहून चढं, असा उघड दुजाभाव होता. ओळखपत्र दाखवा, कमी पैसे द्या. युरोपीय आयोगाने त्याला आक्षेप घेतला, कारण युरोपीय संघाच्या एका देशाने दुसऱ्या देशाच्या नागरिकाला केवळ परका म्हणून जास्त भाव लावणं संघाच्या तत्त्वात बसत नाही. त्यावर माल्टाने २०१५ मध्ये काढलेली वाट हुशारीची होती: भाडं सगळ्यांना एकच, पण नावनोंदणी केलेल्या कार्डधारकाला सवलत. सात वर्षांनी ती सवलतच शंभर टक्के झाली. एस्टोनियाच्या तालिन शहराने २०१३ पासून हेच केलं आहे. शहरात नाव नोंदवलेल्याला बस फुकट, बाकीच्यांना तिकीट. उलट लक्झेंबर्गने २०२० मध्ये सगळ्यांनाच सोडलं, पर्यटकांनाही. पण लक्झेंबर्ग श्रीमंत आहे आणि तिथे माणसं कामाला जातात. वस्तीच्या सहापट पाहुणे दरवर्षी बसच्या दारात उभे राहत नाहीत.

कर्नाटकात आपल्या माणसांना हा नियम ओळखीचा आहे. ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसमधून राज्यांतर्गत प्रवास मोफत झाला. अट एकच, ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता हवा. बेळगाव ते खानापूर जाताना बेळगावची मावशी आधार दाखवते, कंडक्टर तिला शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. शेजारी बसलेल्या, लग्नाला आलेल्या कोल्हापूरच्या भाचीला पूर्ण भाडं. भाषा एक, घराणं एक, बाक एक, तिकिटं दोन. यावर बेळगावात विनोद पुष्कळ झाले असतील, पण कुणी हा अन्याय म्हणून रस्त्यावर उतरलं नाही. ज्या सरकारला कर दिला, त्या सरकारची सवलत. हे लोकांना न शिकवता कळतं.

गोव्यात याच्या उलट रीत. दिवाडी आणि चोडण ही मांडवीतली बेटं. साध्या सरकारी फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला पैसे पडत नाहीत, मग तो दिवाडीचा पाववाला असो की बोंदेराचा उत्सव पाहायला आलेला पुण्याचा पर्यटक. २०२३ मध्ये दुचाकीला दहा रुपये लावण्याचा निर्णय निघाला तेव्हा बेटावरच्या लोकांनी एवढा विरोध केला की तो बारगळला. त्या वादात एक सरळ प्रश्न मात्र बाजूला पडला. रोज कामाला जाणाऱ्या दिवाडीकराला फुकट ठेवून, भाड्याची स्कूटर घेऊन फोटो काढायला येणाऱ्याकडून दहा रुपये घ्यायला काय हरकत होती? सगळ्यांना किंवा कुणालाच नाही, असे दोनच पर्याय सरकारने समोर ठेवले आणि दोन्हींत बेटावरचा माणूसच अडला.

भाडं किती यापेक्षाही ते द्यायचं कसं, यात पाहुण्याचा खरा छळ होतो. बर्म्युडा हे अटलांटिकमधलं ५३ चौरस किलोमीटरचं बेट. पर्यटकाला तिथे आपल्याकडच्यासारखी मोटार भाड्याने मिळत नाही, त्यामुळे गुलाबी रंगाच्या सरकारी बस हाच त्याचा आधार. दरपत्रकात घरचा-परका हा भेद नाही. अंतर कमी असेल तर साडेतीन डॉलर, जास्त असेल तर पाच. पण बसमधली पेटी वर्षानुवर्षं फक्त नाणी घेत आली आहे; नोट चालत नाही, सुटे परत मिळत नाहीत. क्रूझ जहाजातून डॉकयार्डला उतरलेल्या अमेरिकन माणसाला रोख पैसे देऊन राजधानी हॅमिल्टनला जायचं तर खिशात पाव डॉलरची वीस नाणी हवीत. माणशी वीस. नवरा-बायको आणि दोन मोठी मुलं असतील तर ऐंशी नाणी खुळखुळवत बसमध्ये चढायचं. रहिवाशाकडे टोकन असतं, पास असतो, तेही स्वस्तात. कागदावर दोघं समान आणि दारात एकजण हतबल. बार्बाडोसमध्येही सरकारी निळ्या बसमध्ये साडेतीन बार्बाडोस डॉलर अचूक द्यायचे, सुटे मिळत नाहीत. खासगी पिवळ्या मिनीबसचा कंडक्टर मात्र सुटे देतो, आणि म्हणून नवखा माणूस आपोआप तिकडे वळतो.

या बाबतीत माल्टाला पूर्ण गुण द्यायला हवेत. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे ठरवल्यावर त्याला पैसे देणं सोपं करून दिलं. आपल्या बँकेचं टेकवायचं कार्ड चालतं, परदेशी वापरासाठी सुरू केलेलं असलं म्हणजे झालं. ड्रायव्हरकडे रोख देऊन तिकीट मिळतं. मोठी नोट मात्र पुढे करू नये. शिवाय बारा प्रवासांचं कार्ड आहे, अलीकडच्या दराने १९ युरोंना, आणि ते एका माणसाचं नसतं. दोघांनी मिळून दोनदा टेकवलं तरी चालतं. सात दिवस हवं तितकं हिंडायचं कार्ड २५ युरोंना. उन्हाळ्यात दिवसाला दोन वेगळे प्रवास करणाऱ्याला आठवड्याचं कार्ड पाचव्या दिवशी वसूल होतं. तीन-चार दिवसांसाठी गेलेल्या जोडप्याला बारा प्रवासांचं पुरतं.

आता कार्ड टेकवलं, पैसे गेले, पुढे काय? पुढे अनेकदा काहीच नाही. माल्टात थांब्यावर हात दाखवावा लागतो, नाहीतर बस निघून जाते. आणि उन्हाळ्यात हात दाखवूनही निघून जाते, कारण ती आधीच्याच थांब्यावर भरलेली असते. स्लिमाहून चिर्केव्वाला जाणाऱ्या २२२ क्रमांकाच्या थांब्यावर किंवा समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर जुलैच्या दुपारी उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे फुकट जाणारा आणि अडीच युरोवाला दोघंही सारखेच उन्हात तापतात. २०२३ मध्ये माल्टाच्या बसने सहा कोटींहून अधिक प्रवास झाले. फुकट केल्यावर गर्दी वाढणारच होती. गाड्या आणि रस्ते त्या मानाने वाढले नाहीत. लोकांनी मोटारी घरी ठेवाव्यात म्हणून बस मोफत केली, पण नोंदलेल्या वाहनांचा आकडा चढताच राहिला आणि बस त्याच मोटारींच्या मागे अडकून उभी राहते. मोटारवाल्याला बसमध्ये आणायचं तर बसला वेगळी मार्गिका हवी. तिकीट माफ करणं त्यामानाने सोपं होतं, आणि निवडणुकीच्या भाषणात सांगायलाही.

बसच्या गल्ल्यात प्रत्यक्ष पडणारा पैसा आता बव्हंशी पाहुण्याचा आहे, बाकी सगळं सरकारी तिजोरीतून. हा पाहुणा हॉटेलात प्रत्येक रात्रीमागे पर्यावरणासाठीही पैसे देतो; २०१६ मध्ये हे सुरू झालं तेव्हा ते रात्रीला पन्नास सेंट होते, एका मुक्कामाला जास्तीत जास्त पाच युरो. तेव्हा गर्दीच्या चार महिन्यांत पाहुण्यांच्या ठरलेल्या वाटांवर, म्हणजे विमानतळ, चिर्केव्वा, राबात आणि हजार इमची पुरातन मंदिरं, जादा गाड्या सोडणं हे उपकार नाहीत. त्यासाठीच तर उन्हाळ्याचं भाडं चढं आहे.

रेघ कुठे ओढली, हा प्रश्न उरतोच. माल्टात काम करणाऱ्या परदेशी लोकांत भारतीयांची संख्या मोठी आहे. हॉटेलांत, रुग्णालयांत, वृद्धांच्या सेवेत, घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या दुचाक्यांवर ते दिसतात, आणि बसच्या स्टिअरिंगवरही. व्हॅलेटाच्या टर्मिनसवर ड्रायव्हरशी हिंदीत बोलून रस्ता विचारता येतो, अशी आज तिथली स्थिती आहे. या माणसांनी कर्ज काढून, एजंटला पैसे मोजून विमान पकडलेलं असतं. पहिल्या दिवसापासून ते कामाला जातात, पगारातून कर कापला जातो. पण मोफत प्रवासाचं कार्ड मिळायला ओळखपत्र हवं, पत्ता हवा, अर्ज हवा, आणि मग ते पोस्टाने घरी येणार. जो नवखा एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो आणि ज्याचा पत्ता दर महिन्याला बदलतो, त्याच्यासाठी ही साखळी लांबत जाते. कार्ड हातात पडेपर्यंत तो यंत्राच्या लेखी पर्यटक. कामावर जायला अडीच, परत यायला अडीच; रोजचे पाच युरो, महिन्याला शंभराच्या वर. समुद्रात डुंबायला आलेल्या माणसाला जे भाडं किरकोळ वाटतं, तेच याच्या पहिल्या पगारातला सगळ्यात टोचणारा खर्च ठरतं.

रहिवासी आणि पाहुणा असे दोनच खण केले की मधला माणूस नेहमी महागड्या खणात पडतो. बेळगावात नोकरीला नुकतीच रुजू झालेली, आधारवर अजून सांगलीचा पत्ता असलेली मुलगीही तिथेच पडते. सरकारला हे दुरुस्त करणं अवघड नाही. माल्टात कामाचा परवाना आधी निघतो आणि माणूस मग विमानात बसतो. तो परवाना दाखवून तीन महिन्यांचं तात्पुरतं मोफत कार्ड विमानतळावरच द्यावं. जिथे पर्यटकाला सात दिवसांचं कार्ड विकत मिळतं, त्याच खिडकीवर. बस चालवायला जो देश माणसं बोलावून आणतो, त्याने त्यांना त्याच बसमध्ये पहिल्या महिन्यात पर्यटकाचा भाव लावावा, हे कुठल्याही तत्त्वात बसत नाही. युरोपीय आयोगाने भाड्यातल्या दुजाभावाला आक्षेप घेतला तो युरोपच्या नागरिकांसाठी. केरळच्या नर्ससाठी किंवा पंजाबच्या ड्रायव्हरसाठी तसा आक्षेप घेणारं कुणी नाही. भारतीय उच्चायुक्तालयाने मनावर घेतलं तर निदान विषय निघेल.

माल्टाच्या माणसालाही पाहुणा होण्याचा अनुभव घरबसल्या मिळतो. शेजारच्या गोझो बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीचं भाडं बाहेरच्या प्रवाशाला ४ युरो ६५ सेंट आणि गोझोच्या रहिवाशाला १ युरो १५ सेंट. इथे व्हॅलेटाचा नागरिकही बाहेरचाच. गोझोकराला दवाखाना, विद्यापीठ, नोकरी यांसाठी खाडी ओलांडावीच लागते, म्हणून त्याला स्वस्त. बाकीचे सहलीला येतात, म्हणून त्यांना चौपट. यावर माल्टात फारसं कुणी चिडत नाही, आणि चिडण्यासारखं त्यात काही नाहीही.

यंदा माल्टाचा बेत असेल तर बसचं कार्ड विमानतळावरच घ्यावं, थांब्यावर हात लांब करून दाखवावा, आणि महत्त्वाच्या दिवशी एक बस चुकेल असं धरूनच निघावं. गोझोला जाताना चिर्केव्वाच्या धक्क्यावर मोटारींच्या त्या फेरीबोटीची तिकीटखिडकी शोधत बसू नये. जाताना पैसे घेत नाहीत. ते परतीच्या वेळी, गोझोच्या इमजार बंदरावर घेतात.